संकष्टीची रात्र, सकाळची कोरी स्क्रीन

आषाढातल्या संकष्टीला, रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी, खेड आणि दापोलीच्या मधे आमची फायबर तुटली. आम्हाला ते कळलं दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी. मधल्या १४ तास ४३ मिनिटांत आमचं मॉनिटरिंग झोपलेलं नव्हतं. अलार्म आला, नोंदला गेला, भिंतीवरच्या टीव्हीवर दिसलासुद्धा. चार मिनिटं दिसला आणि मग आम्हीच तो घालवला. हे प्रकरण त्या चार मिनिटांचं आहे.

आमचं इंटरनेटचं नेटवर्क लहान आहे. चिपळूणला कंट्रोल रूम, जिला सगळे नॉक म्हणतात. तिथून महामार्गाच्या कडेने खेडपर्यंत फायबर, खेडहून दापोली, दापोलीहून खाली दाभोळ. दुसरी बाजू चिपळूणहून गुहागर आणि गुहागरहून धोपावे. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर. माणसं, मोटारसायकली, आंब्याचे टेम्पो फेरीबोटीने पलीकडे जातात. आमचा डेटा दोन टॉवरवरच्या दोन डिशांमधून, ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर उडी मारतो. ही उडी मारली की रिंग पूर्ण होते. रिंगचा फायदा असा की एका बाजूने तुटलं तर डेटा उलट्या बाजूने फिरून पोचतो आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. तोटाही हाच: पत्ता लागत नाही.

मॉनिटरिंगला, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवायला, झॅबिक्स ६.० हे सॉफ्टवेअर. मोफत मिळतं, चांगलं आहे, आणि या प्रकरणात त्याचा दोष काडीचा नाही. जे झालं ते आम्ही लावलेल्या आणि न लावलेल्या सेटिंगांमुळे.

रात्री काय झालं

सव्वाबाराला वारा सुटला आणि दहा-बारा ठिकाणची लाइट एका पाठोपाठ एक गेली. आमच्या प्रत्येक पॉपवर, म्हणजे स्विच (डेटा पुढे पाठवणारं यंत्र) ठेवलेल्या जागेवर, ४८ व्होल्टची बॅटरी असते. लाइट असताना चार्जिंगमुळे ती ५४ व्होल्टच्या आसपास असते. लाइट गेली की पन्नासवर येते आणि मग हळूहळू उतरते. आमचा ट्रिगर, म्हणजे अलार्म उठवणारी अट, साधा होता: ४८ च्या खाली गेली की अलार्म, वर आली की बरं. जुन्या बॅटऱ्या नेमक्या ४८ पाशी रेंगाळतात. ४७.९, ४८.१, ४७.९. प्रत्येक वेळी एक लाल ओळ, मग ती हिरवी, मग नवी लाल. पन्नासेक मिनिटांत दोनशेच्या वर ओळी आल्या. रात्रपाळीला एकटा पोरगा होता, नोकरीला लागून आठ महिने झालेला.

या पुरात १२:४२ ला एक ओळ आली. ती मी पुढे इतक्यांदा वाचली की पाठ झाली आहे: ‘इंटरफेस जीआय ०/२५ (): लिंक डाउन’. म्हणजे एका स्विचचा एक पोर्ट बंद. सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्याची पातळी, ‘ॲव्हरेज’, रंग नारिंगी. कंसात काही नाही. तो रिकामा कंस लक्षात ठेवा.

१:१० ला पोराने प्रॉब्लेम्सचं पान उघडलं, वरच्या चौकोनात टिक केली, त्यामुळे खालच्या शंभराहून जास्त ओळी एकदम निवडल्या गेल्या, आणि सगळ्या ॲक्नॉलेज केल्या. आमच्या भाषेत, ॲक मारला. टीव्हीवर फक्त ॲक न झालेल्या ओळी दाखवायचं सेटिंग होतं. टीव्ही साफ झाला.

२:५० ला खाडीवरच्या रेडिओचा सिग्नल पडला. हा अलार्म आमच्याकडे इतका नेहमीचा होता की त्याला नाव होतं, ‘खाडीची नाटकं’. मागोमाग दापोली आणि दाभोळचे सगळे स्विच पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या हाकेला, उत्तर देईनासे झाले. पोराने रजिस्टरात लिहिलं: ‘दापोली-दाभोळ डाउन, लाइट नसावी.’ ३:४० ला सगळं आपोआप आलं. त्याने पुढे लिहिलं: ‘आली.’ त्या रात्री अर्ध्या तालुक्यात लाइट नव्हती, मग दुसरं काय वाटणार?

सकाळी ८ ला पाळी बदलली. टीव्हीवर एकही लाल ओळ नव्हती. नवी पाळी खूश.

दुपारी सव्वातीनला पुन्हा रेडिओ पडला आणि दापोली अंधारात गेली. आता मात्र बँकेची शाखा चालू होती, दवाखाना चालू होता, पेट्रोल पंपावर कार्ड घासलं जात होतं. दहा मिनिटांत फोनची रांग लागली. मी खेडच्या स्विचवर लॉगिन झालो आणि पोर्ट बघितला: बंद, आणि शेवटचा बदल १४ तास ४३ मिनिटांपूर्वी. आधी वाटलं आकडा चुकलाय. ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटली ते सांगणारं यंत्र) लावला तेव्हा कट खेडपासून नऊएक किलोमीटरवर निघाला. वळणावरचं झाड पोलांवरच्या केबलसकट खाली आलं होतं. संध्याकाळी साडेसहाला जॉइंट झाला. त्याआधीच, चारच्या सुमारास, रेडिओ आपणहून परत आला होता.

आधी पोरावर आलं

व्यवस्थापकांना मेमो द्यायचा होता. शंभर ओळी न वाचता ॲक मारला हे खरंच होतं. पण मी त्याच्या जागी बसून झॅबिक्सच्या इतिहासातून ती रात्र मिनिटामिनिटाने परत लावून बघितली, आणि मला तरी ती ओळ सापडली नसती.

टीव्हीवरच्या प्रॉब्लेम्स विजेटमध्ये, म्हणजे अलार्मच्या यादीच्या चौकटीत, २५ ओळी दिसत होत्या. हे त्याचं मूळ सेटिंग आहे, आम्ही हात लावला नव्हता. क्रमही मूळचाच: नवीन वर, जुनं खाली. ‘रीसेंट प्रॉब्लेम्स’ हा पर्यायही मूळचाच, म्हणजे चालू असलेले अलार्म आणि नुकतेच मिटलेले, दोन्ही. नुकतेच म्हणजे किती, हे दुसऱ्याच पानावर ठरतं, ॲडमिनिस्ट्रेशनच्या आत ट्रिगर दाखवण्याच्या पर्यायांत: ५ मिनिटं. एकेक सेटिंग घेतलं तर चुकीचं काहीच नाही. त्या रात्री मात्र बॅटरीच्या उड्यांमुळे मिटलेल्या हिरव्या ओळीच पंचवीसपैकी निम्म्या जागा खात होत्या. १२:४२ ची नारिंगी ओळ १२:४६ ला पंचविसाव्या जागेखाली घसरली. खाली बारीक अक्षरात लिहून येतं की एकूण इतक्यांपैकी २५ दाखवले आहेत. टीव्ही दहा फुटांवर, अक्षर मुंगीएवढं.

लुकलुकणंही होतं. नवीन ओळ दोन मिनिटं लुकलुकते, मग स्थिर होते. पण पंचवीसच्या पंचवीस लुकलुकायला लागल्या की लुकलुकण्याला अर्थ राहत नाही. गणपतीच्या आराशीत कुठला दिवा उडालाय ते शोधण्यासारखं. आवाज? झॅबिक्समध्ये आवाज वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधून चालू करावा लागतो आणि तो मुळात बंद असतो. टीव्हीसाठी आम्ही वेगळा वापरकर्ता केला होता, फक्त बघण्यापुरता. त्याच्या प्रोफाइलमध्ये कुणी कधी शिरलंच नव्हतं.

आता दोन्ही टोकांच्या वेळा जमवताना माझा तास गेला ती गोष्ट. झॅबिक्सच्या यादीत कट १२:४२ चा, खेडच्या स्विचच्या स्वतःच्या लॉगमध्ये ७:१२ चा, तोही आदल्या दिवशीच्या संध्याकाळचा. दोन कट होते की काय म्हणून आम्ही डोकं खाजवत बसलो. स्विचचं घड्याळ बरोबर होतं, फक्त त्याला टाइमझोन दिलेला नव्हता. तो ग्रीनिचच्या वेळेत जगत होता, आपल्या साडेपाच तास मागे. असले स्विच आमच्याकडे अकरा निघाले.

खाडीची नाटकं

रेडिओ पहाटे तीनला पडतो, पावणेचारला उठतो, परत दुपारी सव्वातीनला पडतो. पाऊस म्हणावा तर ५.८ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा नडत नाही. लाइट म्हणावी तर दाभोळची बॅटरी ५० च्या वर होती. मी त्या एकाच ट्रिगरची गेल्या दोन महिन्यांची यादी काढली, हिस्टरी निवडून, फक्त वेळा. कागदावर एकाखाली एक लिहिल्या. काल २:५०, परवा २:००, तेरवा १:१०. रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकणारी वेळ. पाच-सहा दिवस अलार्म, मग आठ-नऊ दिवस काही नाही, मग पुन्हा.

आमचे लाइनमन काका चहा घेऊन शेजारी उभे होते. मूळचे दाभोळ बंदरावरचे, घरात होडी असलेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, “ह्या तारखांच्या तिथी काय?”

तिथी बघितल्या. सगळ्या अमावास्या-पौर्णिमेला चिकटलेल्या.

“उधाणाची भरती आहे ती,” काका म्हणाले. “तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन. तीन वाजता भरती. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला पाणी तेवढं चढत नाही, म्हणून तेव्हा तुमचा अलार्म गप्प.”

दोन वर्षं ज्या अलार्मला आम्ही हसत होतो त्याचं कारण दीड मिनिटात मिळालं. रेडिओची लहर एका डिशमधून दुसरीकडे सरळ जाते, आणि एक वाट खाडीच्या पाण्यावर आपटून जाते. पोचताना दोन्ही लहरी नेमक्या अर्ध्या लहरीने मागेपुढे झाल्या की त्या एकमेकींना मारतात. आमची लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची, त्यामुळे पाणी थोडं वर-खाली झालं तरी हिशेब बदलतो. अधल्यामधल्या पातळीवर असा क्षण आला तरी पाणी चढतं-उतरतं असल्यामुळे पटकन सरतो. भरतीच्या टोकाला मात्र पाणी पाऊण तास जवळजवळ थबकतं, आणि आमच्या दोन डिशांची उंची अशी की उधाणाच्या टोकालाच दोन लहरींची गाठ पडते. सिग्नल एरवी उणे ६१ डीबीएम, तेव्हा उणे ८० च्याही खाली.

रिंग धड असताना याने कुणाचंही बिघडत नव्हतं, कारण डेटा खेडमार्गे जात होता. म्हणून तो अलार्म निरुपद्रवी. रिंग एका बाजूने तुटलेली असताना तोच अलार्म म्हणजे दापोली-दाभोळचा शेवटचा धागा. ओळ एकच, रंग तोच, अक्षरं तीच, आणि अर्थ आकाशपाताळाएवढा वेगळा. हे स्क्रीनवर कसं दाखवायचं, ही आमची खरी अडचण होती. बाकी सगळी साफसफाई.

सिव्हिरिटी म्हणजे काय यावर झालेलं भांडण

इव्हेंट आणि अलार्म यांतला फरक आम्ही सगळे जाणतो असा समज होता. इव्हेंट म्हणजे काहीतरी घडलं. पोर्ट पडला, कुणी लॉगिन केलं, लाइट आली. अलार्म म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे आणि अजून तसंच आहे. इव्हेंटला वेळ असते, अलार्मला वय. आमचा टीव्ही अलार्म दाखवतो असं आम्ही म्हणत होतो, प्रत्यक्षात तो इव्हेंट धावते दाखवत होता, क्रिकेटच्या स्कोअरसारखे.

मग सिव्हिरिटी. आमचे एक अभियंते नियमाला पक्के. त्यांनी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं १९९२ चं एक्स.७३३ हे मानक काढलं. त्यात लिहिलं आहे की सेवा बंद पडली असेल आणि तातडीने हात लावायचा असेल तर ‘क्रिटिकल’. सेवेवर परिणाम नाही पण पुढे वाढू नये म्हणून दुरुस्ती हवी, तर ‘मायनर’. रिंगची एक बाजू तुटली, ग्राहकाची सेवा चालू आहे, तेव्हा मायनर. शब्दशः त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, आपल्या रिंगची दुसरी बाजू दिवसातून दोनदा समुद्र बंद करतो, तिथे मायनर कसं? तास गेला. शेवटी काकांनीच सोडवलं, वैतागून.

“मला एवढंच सांगा. ही ओळ दिसली की मी गाडी काढायची का नाही?”

बिघाड किती मोठा, हे आम्ही मोजत बसलो होतो. माणूस कधी उठणार, हे मोजायला हवं होतं. झॅबिक्समध्ये सहा पातळ्या आहेत आणि त्यांची नावं आणि रंग बदलता येतात. आम्ही नावं मराठीत घातली. सगळ्यात वरची ‘आत्ता उठा’. तिच्याखाली ‘गाडी काढा’. तिच्याखाली ‘सकाळी बघा’. खालच्या तिन्हींना एकच अर्थ, ‘नोंद’, आणि नोंद टीव्हीवर येत नाही. व्यवस्थापकांना ते पोरकट वाटलं. बाहेरचे पाहुणे आले तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांसाठी नकाशाचं वेगळं पान करून दिलं. हिरवे ठिपके, निळी समुद्रकिनारपट्टी, छान दिसतं. ते अजून त्यांच्या केबिनमध्ये लागलेलं असतं.

रंगांच्या वेळी एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. मूळ रंगांत पिवळ्यापासून लालपर्यंत चार छटा एकापुढे एक आहेत, आणि आमच्या स्वस्तातल्या टीव्हीवर वरच्या तीन सारख्याच दिसत होत्या. कुठले रंग घ्यायचे म्हणून मी सगळ्यांना विचारत होतो, तेव्हा दिवसपाळीचे एक सहकारी हळूच म्हणाले की मला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत, मी कायम अक्षरं वाचतो. सात वर्षं ते त्या टीव्हीसमोर बसत होते. लाल-हिरव्याची ही अडचण पुरुषांत दुर्मीळ नाही. आम्ही ‘आत्ता उठा’ला गडद जांभळा दिला, ‘सकाळी बघा’ला फिकट पिवळा, आणि मिटलेल्याला हिरव्याऐवजी राखाडी. शिवाय पातळीचं नाव ओळीत अक्षरांत दिसायलाच हवं, हेही ठरलं.

काय बदललं

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सगळ्यात कंटाळवाण्या कामाचा. रिकामा कंस आठवतो? झॅबिक्सचा ठेवणीतला टेम्प्लेट त्या कंसात पोर्टचं वर्णन घालतो, जे स्विचवर लिहिलेलं असतं. आमच्या स्विचांवर कुणी लिहिलंच नव्हतं. दोन दिवस बसून प्रत्येक पोर्टला वर्णन दिलं. स्विचला देवनागरी चालत नाही, म्हणून रोमन अक्षरांत, पण मराठीत. रिंगच्या पोर्टांच्या नावाची सुरुवात ‘रिंग’ने. मग पोर्ट आपोआप शोधून त्यांना ट्रिगर लावणाऱ्या शोधनियमात ओव्हरराइड, म्हणजे अपवाद, लावलं: नाव ‘रिंग’ने सुरू होत असेल तर लिंक डाउनची पातळी थेट ‘गाडी काढा’. हॉटेलच्या पोर्टाचं लिंक डाउन ‘नोंद’, कारण हॉटेलवाला रात्री स्विच बंद करून झोपतो.

टीव्हीचे दोन भाग केले. वरच्या भागात फक्त वरच्या दोन पातळ्या, क्रम पातळीनुसार, आणि फक्त चालू अलार्म. मिटला की गेला. ॲक मारलेलेही तिथेच दिसतात, ॲकच्या खुणेसह. ॲक म्हणजे ‘मी बघतोय’, ‘झालं’ नव्हे. बिघाड असेपर्यंत ओळ भिंतीवर राहते. खालच्या भागात ‘सकाळी बघा’वाले, पंधरा ओळी. टीव्हीच्या वापरकर्त्याला आवाज दिला, फक्त वरच्या दोन पातळ्यांना. त्यातही पहिल्या दिवशी वाजलाच नाही. ब्राउझर पानावर कुणी क्लिक केल्याशिवाय आवाज वाजू देत नाही, आणि टीव्हीपुढे माऊसच नव्हता.

मिटलेल्या अलार्मांचं काय करायचं, यात आम्ही एकदा तोंडावर आपटलो. सकाळच्या पाळीला रात्रीचं दिसावं म्हणून पाच मिनिटांचे मी आठ तास केले. दुसऱ्या दिवशी टीव्ही म्हणजे नुसती राखाडी भिंत. परत पाचवर आणलं, आणि प्रॉब्लेम्सच्या पानावर हिस्टरी, गेले १२ तास, वरच्या तीन पातळ्या असा फिल्टर लावून ‘पाळीबदल’ नावाने टॅब ठेवला. सकाळी आठला जाणारा आणि येणारा दोघं मिळून तो टॅब वाचतात. संकष्टीच्या रात्री हा असता तर २:५० ते ३:४० ची दापोली सकाळी आठलाच दिसली असती, तिच्यावर १२:४२ चा कट न मिटलेला दिसला असता, आणि गाडी सव्वाआठला निघाली असती. रात्री त्या वाऱ्यात मी कुणाला पोलावर चढवलं नसतं, ते खरं. पण दुपारची भरती यायच्या आत जॉइंट झाला असता.

बॅटरीच्या उड्यांना वेगळी सुटकेची अट दिली: ४७.५ च्या खाली गेली की अलार्म, आणि ५१ च्या वर येईपर्यंत मिटायचं नाही. ५१ लाइट आल्याशिवाय येत नाही. एका लाइट जाण्याला एक ओळ. एवढ्याने महिन्याच्या नोंदी निम्म्याहून खाली आल्या. पूर आणणारे ट्रिगर मोजून नऊ होते, त्यातले सहा बॅटरीचे.

खाडीच्या रेडिओला दोन ट्रिगर दिले. नुसता सिग्नल पडला तर ‘नोंद’. सिग्नल पडला आणि त्याच वेळी रिंगचा कुठलाही पोर्ट बंद असेल, तर ‘आत्ता उठा’. झॅबिक्सच्या एका ट्रिगरमध्ये दोन वेगळ्या यंत्रांच्या अटी घालता येतात, हे मला माहीत होतं. वापरायची गरज कधी पडली नव्हती. पुढे पावसाळा संपल्यावर धोपाव्याची डिश दीडेक मीटर वर चढवली. नाटकं कमी झाली, थांबली नाहीत.

वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. त्याच्या चौकशीत नोंद आहे की आधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यानंतर १९९९ मध्ये निघालेल्या ईईएमयूए १९१ या अलार्मविषयक मार्गदर्शिकेत एका ऑपरेटरला शांत वेळी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नयेत, असं माप दिलं आहे. हे माप कारखान्यांसाठी आहे, पण पोराला मेमो द्यायचा की नाही या बैठकीत मी तेच वापरलं. आमचा त्या रात्रीचा वेग दहा मिनिटांना चाळीसच्या वर होता. मेमो निघाला नाही.

उलट्या बाजूची भीतीही होतीच. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षात अलार्म दाखवणारं सॉफ्टवेअरच गोठलं होतं आणि तासाहून जास्त वेळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प स्क्रीन म्हणजे सगळं ठीक, की स्क्रीनच मेली? आमचा टीव्ही आता बहुतेक वेळ रिकामा असतो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जास्त लागू झाला. म्हणून रोज रात्री आठला, पाळी सुरू होताना, एक खोटा ‘गाडी काढा’ येतो. पाळीवाल्याने पाच मिनिटांत त्यावर ॲक मारून आपलं नाव टाकायचं. आला नाही तर मला फोन.

पुढच्या पावसात

एक चूक माझी स्वतःची. लाइट गेल्यावर त्या जागचे स्विच आणि रेडिओ वेगवेगळे ओरडू नयेत म्हणून मी डिपेंडन्सी लावल्या होत्या: जागेचा ‘लाइट गेली’ अलार्म चालू असेल तर तिथल्या यंत्रांचे अलार्म उठतच नाहीत. जूनमध्ये गुहागरजवळच्या एका पॉपवर लाइट गेली, बॅटरी नीट चालू होती, आणि त्याच वेळी वीज पडून तिथला स्विच जळाला. टीव्हीवर एकच ओळ, ‘लाइट गेली – सकाळी बघा’. सहा तास स्विच मेलेला आणि आमच्या लेखी सगळं सुरळीत. पुरात ओळ हरवण्यापेक्षा हे वाईट. इथे ओळ जन्मालाच आली नव्हती. डिपेंडन्सी आता लाइटवर नाही, बॅटरी संपण्यावर आहे. यंत्रांच्या अलार्मांना पाच मिनिटांची उशिराची अटही घातली, नाहीतर बॅटरीची नोंद यायच्या आधीच यंत्रं ओरडून मोकळी होतात.

ऑगस्टमध्ये खेड-दापोली पुन्हा तुटली, रात्री पावणेदोनला. ओळ आली: ‘गाडी काढा – रिंग खेड ते दापोली, लिंक डाउन’. पाळीला तोच पोरगा होता. त्याने ॲक मारला, काकांना फोन लावला आणि रजिस्टरात वेळ लिहिली. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, आपणहून, त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘नवमी. भरती पावणेसात. भांग.’

काकांनी फोनवर विचारलं, “तिथी काय?”

“नवमी.”

“मग उजाडल्यावर निघतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.